शाळेतल्या हॉरर गेममध्ये पझल चालू असताना भूत मागे लावावं का?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःचाच धागा काढतेय. लांबलचक आहे पण पूर्ण सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेलं दीड वर्ष मी एकटीच एक गेम बनवतेय, गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोकरीतून उरलेल्या वेळात. फर्स्ट पर्सन (म्हणजे सगळं नायिकेच्या डोळ्यांनी दिसतं), सर्व्हायव्हल हॉरर (म्हणजे भीतीतून जीव वाचवायचा), पण हातात हत्यार कुठलंच नाही, फक्त एक टॉर्च आणि एक वही. तीन मजल्यांची शाळा, रात्रीची वेळ, नायिकेला लायब्ररीत झोप लागते आणि जाग येते तेव्हा बाहेरची सगळी दारं बंद, आणि वर्गावर्गातून एक बाई फिरतायत ज्या आता जिवंत नाहीत. बाई वह्या तपासत फिरतात, ज्या वर्गातून त्या जाऊन आल्या तिथल्या वह्यांवर लाल शाईचे नवे शेरे सापडतात. त्यांना दिसलात की संपलं, मागच्या सेव्हपासून सुरुवात.

अडचण प्रयोगशाळेत आलीय. तिथे एक कपाट आहे, चार आकड्यांचं कुलूप. कपाटावर कुणीतरी खडूने "आधी लोखंड, मग तांबं" असं लिहून ठेवलंय आणि मागच्या भिंतीवर आवर्तसारणीचा फाटका तक्ता आहे. लोखंडाचा अणुअंक २६, तांब्याचा २९, म्हणजे २६२९. सोपंच आहे, पण तक्ता बघायचा, अंक शोधायचे, परत कपाटाशी यायचं, चार चाकं फिरवायची, यात नव्या माणसाचा दीडेक मिनिट जातो. आणि बाई तेवढ्यात येतात.

आठ-नऊ ओळखीच्यांना खेळायला दिलं. जवळपास सगळ्यांचं एकच म्हणणं, पहिल्यांदा मेलो तेव्हा घाबरलो, दुसऱ्यांदा वैताग आला, तिसऱ्यांदा फक्त घाई होती. एकाने तर कोडं वाचलंच नाही, चाकं फिरवत बसला, नशिबावर. मग मी प्रयोगशाळेत बाईंना यायलाच बंदी केली. तर उलटं झालं, लोक निवांत बसून सोडवायला लागले, एक जण मध्येच उठून पाणी पिऊन आला, आणि बाहेर पडल्यावर पुढची पंधरा मिनिटं कोणी घाबरलंच नाही. म्हणजे भूत ठेवलं तर पझल मरतं आणि भूत काढलं तर भीती मरते.

हे कसं सोडवायचं? टायमर वगैरे लावायचा नाहीये मला. आणि शाळेतलेच गेम ज्यांनी खेळलेत त्यांनी सांगा की तिथे हे नीट कुठे जमलंय.

निळाकंदील

प्रश्न एकदम वर्मावर बोट ठेवणारा आहे. मी बनवत नाही, फक्त खेळतो, पण शाळेतले हॉरर गेम शोधून शोधून खेळलेत म्हणून लिहितोय.

पहिलं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, १९९९ चा सायलेंट हिल. तो इंडी (छोट्या स्वतंत्र टीमचा) नाही, पण त्यातल्या शाळेतलं पियानोचं पझल आठवा. म्युझिक रूममध्ये पियानो, त्याच्यावर रक्त, आणि पक्ष्यांबद्दलची एक कविता ज्यात त्यांना आवाज नाही असं म्हटलंय. पियानो वाजवून बघितला की कळतं काही पट्ट्या वाजतच नाहीत, आणि उत्तर म्हणजे त्या मुक्या पट्ट्याच कवितेतल्या क्रमाने दाबायच्या. तिथे पझल चालू असताना कुणीही मागे धावत नाही. तरी अंगावर काटा येतो, कारण तुम्ही एका अंधाऱ्या शाळेत एकेक पट्टी दाबताय आणि "या वेळी आवाज येऊ नये" अशी वाट बघताय. म्हणजे कोडं सोडवायची कृतीच भीतीदायक आहे, त्याला वरून भूत चिकटवायची गरज पडलेली नाही. तुमच्या कपाटाच्या कुलपात हे नाहीये. २६२९ हे कुठल्याही गेममध्ये चाललं असतं, बँकेच्या तिजोरीवरसुद्धा.

दुसरं, डिटेन्शन. २०१७ चा, तैवानच्या रेड कँडल गेम्स या छोट्या टीमचा, माझ्या मते शाळेतल्या हॉररमध्ये याच्यावर कोणी नाही. १९६० च्या दशकातलं तैवान, मार्शल लॉ चालू, बंदी असलेली पुस्तकं वाचणाऱ्या मुलांची आणि शिक्षकांची गोष्ट. त्यात भुतापासून वाचायचं तर पळायचं नसतं, श्वास रोखायचा असतो. श्वास रोखून त्याच्या शेजारून हळूहळू निघून जायचं, आणि श्वास फार वेळ टिकत नाही. आता ज्या काळात माणसं तोंड मिटून जगत होती त्या काळावरच्या गेममध्ये वाचायचा उपाय "आवाज करू नका, श्वाससुद्धा घेऊ नका" हा असणं, हे मला पहिल्यांदा खेळताना कळलं नव्हतं, संपल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं आणि बराच वेळ सुन्न बसलो होतो. आणि त्याच्या दुसऱ्या भागात भुतं फारशी येतच नाहीत. धोका कमी होत जातो आणि तरी जड वाटत जातं, कारण तोवर तुम्हाला संशय आलेला असतो की या सगळ्यात आपल्या पात्राचा हात आहे.

तिसरं, व्हाइट डे, कोरियन, मूळ २००१ चा, २०१५ मध्ये मोबाइलसाठी नव्याने बनवला. रात्रीची शाळा, हत्यार नाही, पझल भरपूर, आणि रखवालदार काठी घेऊन फिरतो. हा तुमच्या गेमच्या सगळ्यात जवळचा. त्यात वर्गातला दिवा लावला की नीट दिसतं, पण त्या उजेडाने रखवालदार ओढला जातो. म्हणजे कोडं वाचायचंय तर उजेड हवा आणि उजेड लावला तर धोका, आणि हा सौदा करायचा की नाही हे खेळणारा ठरवतो. पकडला गेला तरी "मीच दिवा लावला होता" हे त्याला माहीत असतं, म्हणून राग गेमवर निघत नाही. (खरं सांगायचं तर व्हाइट डेमध्येसुद्धा रखवालदार कधी कधी इतका चिकटतो की मी वैतागून बंद केलाय. पण कल्पना अस्सल आहे.)

तुमच्या बाई येतात तेव्हा त्यांना कशाने बोलावलं हे खेळणाऱ्याला कळतं का? मला वाटतं गोम तिथे आहे.

तिसरा_मजला

वरच्या प्रतिसादाला +१, विशेषतः शेवटच्या वाक्याला. मी बनवणाऱ्यांपैकी आहे, दोन छोटे हॉरर गेम पूर्ण केलेत आणि एक अर्धवट पडलाय, आणि जो अर्धवट पडलाय तो नेमका याच कारणाने पडलाय म्हणून मनापासून लिहितेय.

तुम्ही "पझल" ही एकच गोष्ट धरताय, तिचे तुकडे करून बघा. आधी बघणं, म्हणजे खूण सापडणं. मग विचार, म्हणजे लोखंड-तांबं म्हणजे काय हे डोक्यात पेटणं. मग नेणं, म्हणजे उत्तर डोक्यात घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. आणि शेवटी करणं, चाकं फिरवणं. या चारांपैकी विचाराच्या वेळी भूत आलं तर माणूस चिडतो, कारण विचार तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून जोडावा लागतो. पण उत्तर डोक्यात घेऊन जाताना भूत आलं तर माणूस घाबरतो, कारण आता त्याच्याकडे गमवायला काहीतरी आहे. २६२९, २६२९, २६२९ असं मनात घोकत बाकाखाली दबून बसलेला माणूस, मला तर हे लिहितानाच छान वाटतंय.

तुमच्या प्रयोगशाळेत चारही तुकडे एकाच खोलीत कोंबलेत, त्यामुळे भूत आलं की सगळ्यावरच येतं. तक्ता तिथून काढा. दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या वर्गात लावा, आणि त्या वर्गात बाईंनी येऊ नये असं खुशाल करा, माणसाला शांतपणे विचार करू द्या. मग मधला कॉरिडॉर आणि जिना बाईंचा. आणि कपाटाशी आल्यावर चाकं फिरवायला वेळ लागू द्या, प्रत्येक चाकाचा खट् असा आवाज होऊ द्या. तिथे बाई आल्या तरी चालेल कारण आता डोकं चालवायचं नाहीये, फक्त हात थरथरू द्यायचे नाहीत.

चाकं फिरवत बसणाऱ्या त्या एकाबद्दल. चार आकडी म्हणजे १०,००० शक्यता, एवढ्या कोणी करत नाही, पण २६ माहीत असेल तर उरतात १०० आणि त्या माणूस कंटाळत का होईना करतोच. प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला हँडल ओढल्याचा मोठा आवाज ठेवा. मग तो स्वतःच थांबेल आणि शिक्षा केल्यासारखंही वाटणार नाही.

बाईंच्या एआयबद्दल, म्हणजे त्या कधी कुठे जातील हे ठरवणाऱ्या कोडबद्दल. एलियन आयसोलेशन (२०१४) या गेममध्ये एक परग्रहावरचा प्राणी तुम्हाला शोधत फिरतो, त्यात एक युक्ती आहे जी छोट्या गेममध्येही सहज करता येते. तिथे दोन मेंदू आहेत. वरचा जो असतो त्याला खेळणारा कुठे आहे हे कायम माहीत असतं, पण तो प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, फक्त "त्या बाजूला बघ" एवढंच सुचवतो. खालचा म्हणजे प्राणी, त्याला जे दिसतं आणि ऐकू येतं त्यावरच तो वागतो. आणि वरचा मेंदू ताणही मोजत असतो, प्राणी फार वेळ जवळ राहिला की त्याला लांब घेऊन जातो. तुमच्या बाईंना हा वरचा मेंदू नसेल तर त्या एक तर कधीच भेटत नसतील किंवा एकाच खोलीत दहा वेळा येत असतील. एक साधा आकडा ठेवा, बाई जवळ असताना तो वाढतो, लांब असताना उतरतो, वर गेला की त्यांना दुसऱ्या मजल्यावर काम लावून द्या. पन्नास ओळींचा कोड आहे, जास्त नाही.

आणि मेल्यावर काय होतं ते बघा. हॉररमध्ये पहिलं मरण भीतीचं असतं आणि पुढची सगळी कामाची. ॲम्नेशिया या हॉरर गेममध्ये (२०१०) मेल्यावर बऱ्याच ठिकाणी तोच राक्षस त्याच जागी परत येत नाही, म्हणजे एकच प्रसंग पाठ करून पार करायची वेळ येत नाही. तुमच्याकडे खूण सापडली की गुपचूप सेव्ह करा. एकदा कळलेलं परत कळवून घ्यायला लावणं ही भीती नाही, तो गृहपाठ आहे.

आठवी_ब

मी जरा वेगळं बोलतो. वर म्हटलंय की विचाराच्या वेळी भूत नको, मला नाही पटलं. मी खेळतो तेच त्या क्षणासाठी, की अर्धं उत्तर सुचलंय आणि बाहेर पावलं वाजतायत आणि ठरवायचंय की थांबू का पळू. विचाराची खोली सुरक्षित आहे हे एकदा कळलं की मी प्रत्येक गेममध्ये तेच करतो, तिथे जाऊन बसतो, वही काढतो, आणि मग तो हॉरर राहतच नाही. जुन्या रेसिडेंट इव्हिलमध्ये सेव्ह रूमचं शांत संगीत लागलं की सुटका वाटायची हे खरं, पण तिथे सेव्ह करायला लागणाऱ्या टाइपरायटरच्या रिबन मोजक्या असायच्या, म्हणून त्या खोलीतही डोक्याला काळजी होतीच. पूर्ण सुरक्षित खोली म्हणजे पॉज बटण.

मला वाटतं भूत यावं, पण त्याच्या येण्यात काहीतरी कळण्यासारखं असावं. शाळा आहे ना ही? मग बाई वाटेल तशा का फिरतायत? शाळेत कोणीच वाटेल तसं फिरत नाही, वेळापत्रक असतं. घंटा वाजते, तास बदलतो, बाई या वर्गातून त्या वर्गात जातात. तसंच करा की. ऑफिसबाहेर फळ्यावर वेळापत्रक लावा, तिसरा तास सातवी अ, चौथा तास प्रयोगशाळा. ज्याने ते वाचलं त्याला कळेल की आत्ता बाई कुठे असतील आणि आपल्याकडे किती वेळ आहे. म्हणजे भूत हेच पझल झालं. मग विचार करताना घंटा झाली की पोटात गोळा येईल कारण मला माहितीये पुढचा तास इथेच आहे. टायमर नको म्हणताय ना, घंटा हा टायमरच आहे पण तो शाळेचा आहे, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे पळत नाहीत.

निळाकंदील

वा. ही वेळापत्रकाची कल्पना मला फार आवडली. आणि मग एखादा ऑफ तास ठेवता येईल, ज्या तासाला बाई कुठल्याच वर्गात नसतात. सगळ्यात भीती त्या तासाची वाटेल.

तिसरा_मजला

आठवी_ब, तुझं बरोबर आहे, मी "भूत नको" म्हटलं ते "अचानक येणारं भूत नको" असं म्हणायला हवं होतं. विचार करणाऱ्याला आधी कळत असेल की वेळ किती आहे तर तो स्वतः ठरवतो की आत्ता विचार करायचा का निघायचं. तो तुटलेला विचार नाही, स्वतः सोडलेला विचार आहे, आणि सोडलेला परत उचलता येतो.

फक्त एक धोका सांगते. पूर्ण ठरलेलं वेळापत्रक दोनदा खेळल्यावर पाठ होतं आणि मग बाई म्हणजे लोकल ट्रेन होतात. त्यामुळे आवाज केला तर त्यांनी तास सोडून यायला हवं, आणि तपासून झालं की परत आपल्या वर्गात जायला हवं. चालू तासातून उठून आलेली बाई ही जास्त भयानक आहे कारण नियम मोडला गेलाय, आणि तो खेळणाऱ्यामुळे मोडलाय.

कानसेन

उशिरा येतोय, सगळं वाचलं. सगळे पझल आणि एआयवर बोलताय, पण हे निम्मं कानाचं काम आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी छोट्या गेमसाठी साऊंड करतो.

आठवी_ब म्हणतोय ती पोटातल्या गोळ्याची भीती तेव्हाच जमेल जेव्हा बाई किती लांब आहेत हे कानाला खरं कळेल. आणि गोडॉटमध्ये हे आपोआप होत नाही. थ्रीडी ऑडिओ प्लेयर आवाज सरळ रेषेतल्या अंतरावरून कमी-जास्त करतो, मध्ये भिंत आहे का स्लॅब आहे हे तो बघत नाही. तीन मजली शाळेत याचा अर्थ काय, तर बाई बरोबर तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर असतील तर सरळ अंतर तीन-चार मीटर, आवाज एकदम जवळ आल्यासारखा मोठा, आणि खरं तर त्यांना कॉरिडॉर, जिना, परत कॉरिडॉर असं तीस-चाळीस मीटर चालून यावं लागणार. खेळणारा दोन-तीनदा फसतो आणि मग पावलांवर विश्वास ठेवणंच सोडतो. एकदा कानावरचा विश्वास गेला की तुमचं भूत फक्त डोळ्यांपुरतं उरतं.

उपाय सोपा आहे. बाई चालण्यासाठी नॅव्हिगेशनचा रस्ता तुम्ही काढतच असाल, तोच रस्ता बाईंपासून खेळणाऱ्यापर्यंत काढा, त्याची लांबी मोजा आणि आवाज त्या लांबीवरून ठरवा. दर फ्रेमला नको, सेकंदातून चार-पाच वेळा पुरे. आणि मध्ये भिंत आहे का हे एका रेकास्टने (म्हणजे दोघांमध्ये एक अदृश्य सरळ रेष सोडून) बघा, असेल तर लो-पास फिल्टर लावून वरच्या फ्रिक्वेन्सी कापा, भिंतीपलीकडचा आवाज असाच बोदा येतो. दार उघडं असेल तर कापू नका. मग काय होतं बघा, खेळणारा स्वतःहून दारं लावायला लागतो, आणि दार लावलं की पावलं अस्पष्ट होतात आणि मग तो परत दार किलकिलं करून ऐकतो. हे मी एका गेममध्ये बघितलंय, खेळणारे दाराच्या फटीशी कान लावून उभे राहायचे, कुठलीही सूचना न देता.

वरच्या मजल्यावरची पावलं मात्र पूर्ण घालवू नका. लाकडी किंवा जुनं बांधकाम असेल तर डोक्यावरून एक दबका ठक् ठक् वेगळा साऊंड म्हणून वाजवा, पावलांचाच आवाज कमी करून नाही. कानाला लगेच फरक कळतो, ही वर आहे, ही समोर आहे.

प्रत्येक खोलीला तिचा घुमणारा आवाज द्या. गोडॉटमध्ये एरियाला (म्हणजे आखलेल्या जागेला) रिव्हर्ब बस, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, जोडता येते. प्रयोगशाळेत फरशी आणि काच, तिथे आवाज टणटणीत परत येतो, लायब्ररीत पुस्तकं आवाज खातात. लायब्ररीत स्वतःचीच पावलं ऐकू येईनाशी झाली की माणूस कावराबावरा होतो.

आणि घंटा! ती रेकॉर्ड केलेली ट्रिंग वाजवू नका. पितळेची, हाताने टोल द्यायची वापरा, आणि ती शाळेत एका ठरलेल्या जागी टांगलेली असू द्या, तिथूनच आवाज येऊ द्या. कारण मग प्रश्न पडतो की टोल कोण देतंय.

आठवी_ब

टोल कोण देतंय!! बाई तर वर्गात आहेत!! हे ठेवाच.

खडूची_धूळ

मला वाटलं होतं दोन-तीन ओळींची उत्तरं येतील, तुम्ही लोकांनी माझा अर्धा गेमच सोडवून दिलात. मनापासून आभार. दोन आठवडे लागले, आता काय केलं ते सांगते.

तक्ता प्रयोगशाळेतून काढला. तिसरा_मजला म्हणाल्या तसा दुसऱ्या मजल्यावर नेला, पण एक बदल केला. तो वर्गातल्या फळ्याच्या वर लावलाय. बनवताना लक्षात आलं की फळ्याकडे तोंड केलं की सगळे रिकामे बाक आपल्या पाठीशी येतात. वर्गात एरवी विद्यार्थी म्हणून आपण कायम फळ्याकडे तोंड करूनच बसलेलो असतो, पण तेव्हा मागे मुलं असतात. इथे कोणी नाही, आणि तरी दर वेळी मागे वळून बघावंसं वाटतं. मी त्या बाकांवर काहीही हलवलेलं नाही. खेळणारे दहा सेकंदांत तीनदा वळून बघतात.

वेळापत्रक केलं. सहा तास, प्रत्येक तास चार मिनिटांचा, आणि पाचवा ऑफ तास (निळाकंदील, हा तुमच्यासाठी). बाई आवाजाला येतात आणि तपासून वर्गात परत जातात. टोल प्रत्येक तासाला तळमजल्यावरून येतो. पितळेचा. कोण देतंय ते मी ठरवलंय पण इथे सांगत नाही.

आवाज रस्त्याच्या लांबीवर केला, आणि कानसेन, तुम्ही सांगितलंत ते शब्दशः घडलं. एक मैत्रीण खेळताना दाराशी जाऊन खरंच मान वाकडी करून उभी राहिली, खुर्चीत बसल्या बसल्या. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला रडू यायचं बाकी होतं. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी माझी शाळा खरी मानली.

निळाकंदील यांचा मुद्दा डोक्यातून जात नव्हता, की २६२९ कुठल्याही तिजोरीवर चालेल. म्हणून खडूची सूचना बदलली. आता कपाटावर काही लिहिलेलंच नाही. कपाटात आपली वही आहे, आणि बाईंनी तपासलेल्या वह्यांमधल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत धातूंच्या प्रश्नावर लाल शाईत "पुन्हा लिही" असा शेरा आहे, तोच तोच प्रश्न, पानामागून पान. तिने प्रत्येक वेळी बरोबरच लिहिलंय. लोखंड २६, तांबं २९. तरी शेरा तोच. वही वाचणारे गप्प होतात, आणि दोघांनी मला नंतर विचारलं की त्या मुलीचं काय झालं. हा प्रश्न आधी कोणीच विचारला नव्हता, आणि सगळी गोष्ट तर तिचीच आहे.

आता नवी अडचण. वेळापत्रकाचा कागद दिसला की लोक खऱ्या मोबाइलने फोटो काढून ठेवतात आणि मग त्यावर बघून खेळतात. घंटा झाली की फोनकडे बघतात, स्क्रीनकडे नाही. काय करू? फोटो कसा अडवणार?

तिसरा_मजला

अडवू नका. वेळापत्रक फाडा. सहा तासांपैकी तीनच वाचता येतील असं करा, बाकीचे खेळणाऱ्याने पावलं ऐकून शोधायचे आणि गेममधल्या वहीत स्वतः भरायचे. स्वतः शोधलेली गोष्ट माणूस फोनवर ठेवत नाही, लक्षात ठेवतो. आणि वहीत लिहिताना गेम थांबू देऊ नका.

कानसेन

फाडण्याला माझंही मत. शिवाय प्रत्येक वर्गात बाईंचा एकच आवाज वेगळा द्या, प्रयोगशाळेत काचेचा, चित्रकलेत खडू घासल्याचा, हॉलमध्ये खुर्ची ओढल्याचा. मग लांबून ऐकून वर्ग ओळखता येईल आणि वही भरता येईल. ऑफ तासाला मात्र काहीच वाजवू नका, पावलंसुद्धा नाही.

निळाकंदील

आणि वहीत खेळणाऱ्याने चुकीचा वर्ग भरला तर तिथे नंतर लाल शाईचा शेरा यावा. कोणी दिला ते दिसू नये.

खडूची_धूळ

निळाकंदील, हे आज रात्रीच करते. फक्त एक विचारायचंय, बरोबर भरलं असेल तरी एकदा शेरा द्यावा का? त्या मुलीला मिळत होता तसा?

आठवी_ब

द्या. एकदाच. आणि तो ऑफ तासाला.